माहितीसंचय व्यवस्थापन, व्यावसायिक
माहितीसंचय व्यवस्थापन, व्यावसायिक : उद्योगसंस्था, बँका, विमा व वाहतूक कंपन्या, सहकारी संस्था, शासकीय कार्यालये इत्यादींच्या दैनंदिन व्यवहारांतून निर्माण होणाऱ्या माहितीची पद्धतशीर नोंद करणे, त्या नोंदी सुरक्षित व परस्परांशी सुसंगत ठेवणे आणि अधिकृत व्यक्तीस त्या हव्या तेव्हा उपलब्ध करून देणे, यांसाठी वापरण्यात येणाऱ्या संगणकीय तंत्रांस ‘व्यावसायिक माहितीसंचय व्यवस्थापन’ असे म्हणतात. या कामासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात माहिती साठविणारी, शोधणारी व तिचे रक्षण करणारी प्रणाली येते. तिला माहितीसंचय व्यवस्थापन प्रणाली (डेटाबेस प्रणाली) म्हणतात. वेतनपत्रक, जमाखर्च, मालसाठा, खरेदी-विक्री यांसारखी प्रत्यक्ष कामे करणारे व्यावसायिक सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्गात मोडते आणि ते पहिल्याच्या आधारावर उभे असते. एखादी नोंद चुकली वा नाहीशी झाली, तर ठेवीदाराची ठेव, शेतकऱ्याचे देयक किंवा कर्मचाऱ्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. त्यामुळे हा विषय तांत्रिक असला, तरी त्याचे सामाजिक महत्त्व मोठे आहे.

मूळ प्रश्न : व्यवहाराच्या नोंदी ठेवण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. पारंपरिक दुकानदारीत प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जाई आणि तेथून तो त्या त्या व्यक्तीच्या नावे खतावणीत उतरविला जाई. रोजकीर्दीवरून काय घडले ते कळते, तर खतावणीवरून सध्याची स्थिती काय आहे ते कळते. खतावणी खराब झाली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढता येते. आधुनिक माहितीसंचय प्रणालीही नेमके हेच तत्त्व पाळते. प्रत्येक बदल ती आधी क्रमवार नोंदवहीत लिहिते व नंतरच मुख्य कोष्टकात उतरविते. वीज जाऊन काम मध्येच थांबल्यास त्या नोंदवहीच्या आधारे पूर्वस्थिती पुन्हा उभी केली जाते.

संस्था मोठी झाली की, एकच वस्तुस्थिती अनेक वह्यांत नोंदली जाऊ लागते. ग्राहकाचा पत्ता विक्री, वसुली व तक्रार या तिन्ही विभागांकडे असतो. तो एका ठिकाणी बदलला जातो व इतरत्र तसाच राहतो, आणि त्यांपैकी खरा कोणता असा प्रश्न निर्माण होतो. नोंदींची ही द्विरुक्ती व तिच्यातून उद्‌भवणारी विसंगती टाळणे, हा या शास्त्राचा मूळ हेतू होय.

ऐतिहासिक आढावा : व्यावसायिक माहितीच्या यांत्रिक संस्करणाचा प्रारंभ हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांच्या छिद्रित पत्रांच्या यंत्रांपासून मानतात. ही यंत्रे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी वापरण्यात आली. हॉलरिथ यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेली कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली व त्या एकत्रित कंपनीस १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. त्यानंतर सु. अर्धशतक रेल्वे, विमा व वीज कंपन्यांचे हिशेब छिद्रित पत्रांवरच चालत.

व्यापारी कामासाठी संगणकाचा नियमित उपयोग प्रथम जे. लायन्स अँड कंपनी या ब्रिटिश उपाहारगृह-व्यावसायिक कंपनीने केला. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ यंत्राच्या धर्तीवर या कंपनीने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतःच बांधला व १९५१ मध्ये बेकरीतील मालाच्या मूल्यनिर्धारणाचे काम त्यावर सुरू केले. अमेरिकेत १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लुइव्हिल येथील कारखान्यात ‘युनिव्हॅक’ संगणकावर वेतनपत्रके तयार होऊ लागली. व्यापारी कामाला सोयीची व शक्यतो नेहमीच्या भाषेसारखी वाटेल अशी ‘कोबॉल’ ही कार्यक्रमण भाषा १९५९-६० मध्ये सिद्ध झाली. ग्रेस हॉपर (१९०६–९२) यांच्या आधीच्या कार्याचा तिच्यावर मोठा प्रभाव होता [⟶ संगणक].

सुरुवातीला माहिती चुंबकीय फितीवर ठेवीत. फितीवरील हजारावी नोंद वाचण्यासाठी आधीच्या नऊशे नव्याण्णव नोंदी ओलांडाव्या लागत. त्यामुळे दिवसभराचे व्यवहार साठवून रात्री एकगठ्ठा संस्करण करण्याची पद्धत रूढ झाली. आयबीएमने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ ही चुंबकीय तबकड्यांची प्रणाली बाजारात आणली. तिच्या ५० तबकड्यांवर मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. ही क्षमता आज अत्यल्प वाटते. तथापि कोणतीही नोंद थेट वाचण्याची सोय त्यामुळे झाली व ग्राहक समोर असतानाच त्याचे काम पूर्ण करणे शक्य झाले. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी विकसित केलेली ‘सेबर’ ही विमान-आरक्षण प्रणाली (१९६४ मध्ये पूर्णतः कार्यान्वित) या सोयीचे ठळक उदाहरण होय.

आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्राच्या किंमतीपासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. तोवर कार्यक्रम यंत्राबरोबर मिळे किंवा ग्राहक स्वतः तो लिहून घेई. या निर्णयानंतर सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रेय माल बनला व त्याच्या उद्योगाला चालना मिळाली.

माहितीसंचयाची प्रतिमाने : चार्ल्स बाकमन (१९२४–२०१७) यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रचलेल्या प्रणालीत नोंदी जाळ्याप्रमाणे एकमेकींना जोडलेल्या असत. अपोलो या चांद्रमोहिमेच्या यानाला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्याच्या निमित्ताने विकसित झालेल्या आयबीएमच्या ‘आयएमएस’ (१९६८) प्रणालीत नोंदींची रचना वृक्षासारखी, म्हणजे श्रेणीबद्ध होती. दोन्ही प्रकारांत माहिती काढण्यासाठी नोंदींमधील वाटा कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठाऊक असाव्या लागत आणि साठवणुकीची रचना बदलली की, कार्यक्रमही बदलावा लागे.

आयबीएमच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेतील एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडून या अडचणीचे मूळच दूर केले. माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि दोन कोष्टकांमधील संबंध दोहोंत असलेल्या समान मूल्याने दर्शवावा, असे हे प्रतिमान आहे. सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. एका कोष्टकात सभासद क्रमांक, नाव, गाव व बँक खाते असते, तर दुसऱ्यात वजनपावतीचा क्रमांक, दिनांक, उसाचे वजन व सभासद क्रमांक असतो. पावतीवर सभासदाचे नाव-गाव पुन्हा साठविले जात नाही. क्रमांकावरून ते पहिल्या कोष्टकातून मिळते. सभासदाचे बँक खाते बदलल्यास दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते आणि हंगामातील त्याच्या साऱ्या पावत्यांचे देयक योग्य खात्यावर जमा होते. कोष्टकांची अशी द्विरुक्तिरहित मांडणी करण्याच्या पद्धतीस ‘प्रसामान्यीकरण’ म्हणतात.

कॉड यांच्या कल्पनेचे दुसरे वैशिष्ट्य असे की, वापरणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कसे शोधावे हे यंत्राने ठरवावे. डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी याच तत्त्वावर प्रश्नभाषा तयार केली व ती पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने प्रसिद्धीस आली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर व युजीन वाँग यांनी ‘इनग्रेस’ ही प्रणाली सिद्ध केली. व्यापारी क्षेत्रात मात्र कॉड यांच्या स्वतःच्या कंपनीला मागे टाकून १९७७ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ओरॅकल हे नाव धारण केलेल्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये आपली प्रणाली आधी विक्रीस आणली. एसक्यूएल भाषेला १९८६ मध्ये अमेरिकन व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

व्यवहाराची अखंडता : सातारच्या खात्यातून नागपूरच्या खात्यावर ५,००० रुपये पाठविताना पहिल्या खात्यातून रक्कम वजा होणे व दुसऱ्यात ती जमा होणे, अशा दोन नोंदी होतात. पहिली नोंद झाल्यावर यंत्र बंद पडले, तर रक्कम दोन्हीकडे दिसणार नाही. म्हणून दोन्ही नोंदी मिळून एकच ‘व्यवहार’ मानतात. तो संपूर्ण पार पडतो किंवा मुळीच पार पडत नाही. याखेरीज व्यवहारामुळे नियमांचा भंग होऊ नये, एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांनी परस्परांत ढवळाढवळ करू नये (उदा., गाडीतील शेवटचे आसन दोन खिडक्यांवर दोघांना विकले जाऊ नये) आणि पूर्ण झालेला व्यवहार कोणत्याही बिघाडात पुसला जाऊ नये, हेही गुण आवश्यक असतात. या संकल्पनांना शास्त्रीय बैठक देण्यात जिम ग्रे यांचा वाटा प्रमुख असून त्यांना त्याबद्दल १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

एकात्म व्यावसायिक सॉफ्टवेअर : कारखान्याला शंभर सायकली बनवावयाच्या, तर दोनशे चाके लागतील, चाकांसाठी किती आरे व धावा लागतील, त्यांतील किती शिल्लक आहेत व उरलेल्या केव्हा मागवाव्यात, हे संगणकाने काढण्याची पद्धत जोसेफ ऑर्लिकी प्रभृतींनी १९६०–७० या दशकात विकसित केली. पुढे तिला मनुष्यबळ, यंत्रांची क्षमता, खर्च व विक्री यांचे हिशेब जोडले गेले. अशा सर्वसमावेशक सॉफ्टवेअरला १९९० पासून उद्योगसाधन नियोजन प्रणाली (ईआरपी) असे नाव पडले. जर्मनीत आयबीएममधील पाच माजी अभियंत्यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या सॅप या कंपनीने या क्षेत्रात अग्रेसरत्व मिळविले. तिची ‘आर/३’ ही प्रणाली १९९२ मध्ये आली.

अशा प्रणालीचे मर्म एकात्मतेत आहे. भांडारात माल उतरला की, साठ्याचे कोष्टक, पुरवठादाराचे देणे व जमाखर्चाची खाती एकाच नोंदीने अद्ययावत होतात. हाच गुण अडचणीचाही ठरतो, कारण एका विभागातील चूक क्षणार्धात सर्व विभागांत पसरते. शिवाय तयार सॉफ्टवेअरमध्ये कामाची एक विशिष्ट रीत गृहीत धरलेली असते. संस्थेने आपली रीत बदलावी की सॉफ्टवेअर बदलून घ्यावे, हा या क्षेत्रातील चिरंतन पेच होय. लिडल या जर्मन किराणा-व्यापारी कंपनीत मालसाठ्याचे मूल्य खरेदी किंमतीवर धरण्याची प्रथा होती, तर तिने घेतलेल्या सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किंमतीवर आधारलेली होती. प्रथा न सोडता सॉफ्टवेअर बदलत राहिल्याने काम किचकट होत गेले व सु. ५० कोटी यूरो खर्च झाल्याचे सांगण्यात येणारा हा प्रकल्प २०१८ मध्ये सोडून देण्यात आला. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ऐन सणाच्या मागणीच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली. गोदामात माल असूनही तो वेळेवर दुकानांत पोहोचला नाही.

माहितीचे कोठार व विश्लेषण : रोजचे व्यवहार नोंदविणारी प्रणाली एका वेळी एखाददुसरी नोंद हाताळते. ‘गेल्या दहा वर्षांत विदर्भातील विक्री कशी बदलत गेली’ यासारख्या प्रश्नासाठी मात्र कोट्यवधी नोंदी तपासाव्या लागतात. असे प्रश्न चालू प्रणालीला विचारल्यास तिचे नेहमीचे काम मंदावते. म्हणून विविध विभागांतील माहिती ठराविक काळाने शुद्ध करून वेगळ्या ‘माहिती-कोठारात’ साठविण्याची पद्धत १९८५ नंतर रूढ झाली. अशा कामासाठी कोष्टक ओळींऐवजी स्तंभांनुसार साठविणे सोयीचे पडते. केवळ ‘रक्कम’ या स्तंभाची बेरीज हवी असताना नाव, पत्ता इत्यादी वाचण्याचे श्रम वाचतात आणि एकाच प्रकारची मूल्ये शेजारी आल्याने ती कमी जागेत मावतात.

अलीकडील प्रवृत्ती : इंटरनेटच्या प्रसारानंतर माहितीचे आकारमान एका संगणकाच्या आवाक्याबाहेर गेले. गूगल (२००४ व २००६) आणि ॲमेझॉन (२००७) या कंपन्यांतील संशोधकांनी हजारो साध्या संगणकांवर माहिती विभागून ठेवण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. त्यांतून संबंधात्मक कोष्टकांचे बंधन न मानणाऱ्या अनेक प्रणाली निर्माण झाल्या. या मार्गाला एक मूलभूत मर्यादा आहे. संगणकांमधील दळणवळण तुटले असता प्रणालीला सर्वत्र तंतोतंत एकच उत्तर देणे किंवा सर्व ठिकाणी सेवा चालू ठेवणे, यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. एरिक ब्रूअर यांनी हे २००० मध्ये मांडले व २००२ मध्ये त्याची गणिती सिद्धता देण्यात आली. छायाचित्राला किती जणांची पसंती मिळाली याचा आकडा क्षणभर चुकीचा दिसला तर चालते. बँक शिलकेबाबत तसे चालत नाही. म्हणून हिशेबाच्या कामात संबंधात्मक प्रणालींचे महत्त्व टिकून आहे.

दुसरी मोठी प्रवृत्ती म्हणजे यंत्रे व सॉफ्टवेअर विकत न घेता ती दूरस्थ केंद्रांतून भाड्याने वापरणे. सेल्सफोर्स (स्थापना १९९९) या कंपनीने व्यावसायिक सॉफ्टवेअर अशा रीतीने पुरविण्यास आरंभ केला. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणूक व संगणनशक्ती भाड्याने देणे सुरू केले. लहान संस्थांनाही त्यामुळे मोठ्या क्षमतेचा लाभ मिळू लागला. मात्र एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाणे कठीण व खर्चिक असते आणि एका ठिकाणचा दोष जगभर पसरतो. सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष सुधारणेमुळे १९ जुलै २०२४ रोजी जगातील सु. ८५ लक्ष संगणक बंद पडले. त्यामुळे भारतासह अनेक देशांत विमानप्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्याची वेळ आली.

नेहमीच्या भाषेत प्रश्न विचारून माहितीसंचयातून उत्तर मिळविण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रतिमाने २०२२ नंतर झपाट्याने वापरात आली. अशी प्रतिमाने आत्मविश्वासपूर्ण परंतु चुकीचे उत्तर देण्याचा संभव असतो आणि मूळ नोंदी सदोष असल्यास तो अधिकच वाढतो. त्यामुळे नोंदींच्या शुद्धतेचा जुना प्रश्न नव्या साधनांमुळे अधिक निकडीचा झाला आहे.

प्रमुख अडचणी : (१) जुन्या प्रणाली : चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले कोबॉल कार्यक्रम अनेक बँका व शासकीय खाती आजही चालवितात. ते लिहिणारे निवृत्त झाले आहेत आणि कामाचे नियम कागदावर नसून कार्यक्रमातच दडलेले आहेत. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार-भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीचे आवाहन केले होते.

(२) स्थानांतर : जुन्या प्रणालीतून नवीत माहिती हलविणे हे सर्वांत जोखमीचे काम मानतात. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांची खाती एकदम नव्या प्रणालीवर नेली. माहिती पोहोचली, परंतु प्रणाली भार पेलू शकली नाही आणि सु. १९ लक्ष ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात. कामकाज पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नियामक संस्थांनी बँकेला ४ कोटी ८६·५ लक्ष पौंड दंड केला. जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवून दोहोंचे आकडे ताडून पाहणे, हा उपाय खर्चिक असला तरी हितावह ठरतो.

(३) सुरक्षितता : युक्रेनमधील जमाखर्चाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत शिरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक कार्यक्रमाने जून २०१७ मध्ये मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची जगभरची संगणकव्यवस्था निकामी केली. मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या धक्क्याचे कामही ठप्प झाले होते. कंपनीच्या जाळ्याचा मूळ नकाशा ठेवणारे सर्व संगणक पुसले गेले असता, घानातील कार्यालयात वीज गेल्यामुळे बंद असलेला एकच संगणक बचावला व त्यावरून पुनर्रचना करता आली, असे वृत्त प्रसिद्ध झाले होते. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत किती मोलाची असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. प्रत घेणे जितके आवश्यक, तितकेच तिच्यावरून माहिती पुन्हा उभी करता येते की नाही हे वेळोवेळी पडताळणे आवश्यक असते.

(४) नोंदींची शुद्धता : कागदावरील चूक संगणकात उतरविल्याने दुरुस्त होत नाही, उलट तिला अधिकृतपणाचे वलय प्राप्त होते. महाराष्ट्रातील सात-बारा उताऱ्यांच्या संगणकीकरणात हस्तलिखितातील क्षेत्र व नावे यांच्या चुका आणि टंकताना झालेल्या नव्या चुका, असे दोन्ही प्रकार आढळले. लेखनप्रमादांची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली करता येते; तथापि त्यासाठी खातेदारास अर्ज व चौकशी यांचे सव्यापसव्य करावे लागते.

(५) लिपी व नावे : भारतीय भाषांतील माहितीसंचयांपुढे आणखी एक प्रश्न आहे. युनिकोड (पहिली आवृत्ती १९९१) सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा विशिष्ट टंकाच्या खाजगी संकेतांत साठविला जाई. तो टंक उपलब्ध नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात आणि शब्द शोधता येत नाहीत. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) प्रसारित केलेले तंत्र व १९९१ चे भारतीय मानक यांनी हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. परंतु कित्येक संस्थांचे जुने दप्तर अद्याप अशा संकेतांत अडकलेले आहे. युनिकोडनंतरही ‘कुलकर्णी’ व ‘कुळकर्णी’ एकच की भिन्न, आडनाव आधी लिहिले की नंतर, विवाहानंतर बदललेले नाव जुन्या नावाशी कसे जोडावे, या प्रश्नांचा निर्णय यंत्रावर सोपविता येत नाही. एकाच नावाच्या दोन व्यक्तींची नोंद एक झाल्यास एकीचे कर्ज दुसरीच्या माथी येऊ शकते.

भारतातील विकास : मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था स्थापन झाली, तिच्या व एकूणच भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या जडणघडणीत फकीरचंद कोहली (१९२४–२०२०) यांचा वाटा मोठा आहे. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आवरल्यावर शासकीय मालकीच्या सीएमसी कंपनीकडे यंत्रांच्या देखभालीचे काम आले. याच कंपनीने तयार केलेली रेल्वे आरक्षण प्रणाली १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तोवर प्रत्येक गाडीचे आरक्षण वेगळ्या नोंदवहीत होई व त्या वहीच्या खिडकीपाशीच रांग लावावी लागे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील प्रादेशिक प्रणाली १९९९ मध्ये एकत्र जोडल्या गेल्या आणि कोणत्याही केंद्रावरून कोठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले.

बँकांच्या संगणकीकरणाला नोकऱ्या जाण्याच्या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोध होता. १९८३ मध्ये झालेला समझोता आणि सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे अहवाल (१९८४ व १९८९) यांनंतर हे काम टप्प्याटप्प्याने पुढे गेले. आरंभी प्रत्येक शाखेचा माहितीसंचय स्वतंत्र असे. पुढे सर्व शाखांची खाती एका केंद्रीय संचयात आणली गेली व ग्राहक शाखेऐवजी बँकेचा झाला [⟶ बँका आणि बँकिंग]. मुंबई येथील नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी (१९९६) या संस्थेमुळे कागदी भागपत्रांची जागा संगणकीय नोंदींनी घेतली. भारतीय राष्ट्रीय देयक निगमाची यूपीआय ही प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली, तर वस्तू व सेवा करामुळे २०१७ पासून लहान व्यापाऱ्यांनाही संगणकीय हिशेब ठेवणे अपरिहार्य झाले.

कायदा व उत्तरदायित्व : व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी यूरोपीय संघाचा सर्वसाधारण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला व त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. माहिती कोणत्या कारणासाठी घेतली, संमती होती काय, काम संपल्यावर ती पुसली काय, यांची उत्तरे देण्याचे दायित्व अशा कायद्यांनी संस्थांवर येते. एकाच व्यक्तीची माहिती अनेक संचयांत व त्यांच्या राखीव प्रतींत विखुरलेली असल्याने ती संपूर्णपणे पुसणे तांत्रिक दृष्ट्या अवघड असते.

याहून मूलगामी प्रश्न नोंदीवर किती विश्वास ठेवावा हा आहे. ब्रिटनच्या डाकसेवेने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसविली. तिच्या दोषांमुळे अनेक शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. शाखाचालकांनी रक्कम घेतली नसल्याचे परोपरीने सांगितले; परंतु यंत्राचा हिशेब बरोबरच असणार असे गृहीत धरून त्यांच्यावर चोरी व खोट्या हिशेबाचे खटले भरण्यात आले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक व्यक्ती दोषी ठरल्या. कित्येकांनी घरे विकून न घेतलेली रक्कम भरली, काहींनी कारावास भोगला. पुरवठादार कंपनीचे कर्मचारी शाखाचालकाच्या नकळत त्याच्या हिशेबात दुरून बदल करू शकत होते, ही गोष्टही पुढे सिद्ध झाली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निर्णय दिला आणि २०२४ मध्ये खास कायदा करून दोषसिद्धी रद्द करण्यात आल्या. तोवर काही निरपराध व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या.

या प्रकरणावरून व्यावसायिक माहितीसंचयाच्या काही किमान अटी स्पष्ट होतात. प्रत्येक नोंद कोणी, केव्हा व कोठून केली किंवा बदलली याची न पुसता येणारी नोंद असावी. ज्याच्या विरुद्ध ती वापरली जाते त्याला ती तपासण्याचा व हरकत घेण्याचा हक्क असावा. आणि प्रणालीतील ज्ञात दोष वापरणाऱ्यांपासून दडवून ठेवू नयेत. जुन्या वहीत खाडाखोड झाली की, ती डोळ्यांना दिसे व तिच्याखाली सही मागितली जाई. संगणकातील बदल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो दिसण्याची सोय मुद्दाम करून ठेवावी लागते आणि तशी सोय नसलेली प्रणाली कितीही वेगवान असली, तरी विश्वासार्ह मानता येत नाही.